भावोजींच्या पायाखालचा चंद्र

चंद्रावर माणूस उतरवायचं काम मी आयुष्यात एकदाच केलं. तो माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. तो धड परत यावा एवढी एकच अट बहिणीने घातली होती, आणि ती मी पाळली असं छातीठोकपणे मला आजही म्हणता येत नाही.

आमच्या धंद्याला धड नाव नाही. मूर्ती करतो तो मूर्तिकार, मांडव घालतो तो मांडववाला. या दोघांच्या मधल्या जागेत गणपतीच्या मागे-पुढे जे काही दिसतं, कैलास, लंका, पाताळ, कालियाचा डोह, ते सगळं करणारा मी. लालबागेत एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं मी हेच केलं. पद्धत एकच. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या, आणि वरून रंग. हिमालय असो नाहीतर कुंभकर्णाचं पोट, आतून दोन्ही सारखेच. देखावा हलता हवा असेल तर पंख्याची जुनी मोटर आणि सायकलची चेन. एकदा परळच्या एका मंडळात मी चेन उलटी चढवली, आणि हनुमान पाय पुढे करून लंकेत शिरू लागला. लोकांना वाटलं परत चाललाय. दहा दिवस कोणी तक्रार केली नाही. त्यावरून मी शिकलो की रांगेतला माणूस देखाव्यापुढे तीन मिनिटं थांबतो आणि त्यातली दोन मिनिटं तो पुढच्याचं डोकं बघत असतो.

गोष्ट संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आदल्या गणपतीची. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आबा राणे. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आवाज असा की लाउडस्पीकर त्यांना शोभेपुरता लागायचा. आदल्या वर्षी मी त्यांना महिषासुर करून दिला होता. त्या राक्षसाच्या डोक्यावरची टोपी म्हणे कोणाच्या तरी टोपीसारखी दिसत होती. टोपी आबांनी स्वतः आणून चढवली होती, पण पोलीस चौकीत दोन तास मी बसलो. तेव्हापासून मंडळाच्या देखाव्यावर चौकीची नजर होती, आणि यंदा राजकारण दिसलं तर परवानगी रद्द, असं बजावून झालं होतं.

"मग काय करायचं? पुन्हा कालिया?" आबा शेडमध्ये येऊन बसले.

त्या वर्षाच्या सुरुवातीला रशियाचं एक यान चंद्राला चुकवून पुढे निघून गेलं होतं, आणि चहाच्या हॉटेलांत त्यावर बोलणं चालायचं. मी म्हटलं, "आबा, चंद्र करू. चंद्रावर उतरलेला माणूस. त्यात कसलं आलंय राजकारण?"

आबा उठूनच उभे राहिले. "अरे, चवथीचा चंद्र दिसू नये म्हणून माझी आई खिडकीला घोंगडी लावायची. गणपतीचा शाप आहे त्याला. बघणाऱ्यावर खोटा आळ येतो. आणि तू मांडवात, खुद्द गणपतीच्या पुढ्यात, चंद्र मांडतोस?"

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सगळा आराखडा वाया जाणार, असं दिसायला लागलं. शेवटी मी आबांना घेऊन गिरगावात दगडमास्तरांकडे गेलो. मास्तर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या दोन खोल्यांत खिडक्यांत, कोनाड्यांत, तांदळाच्या डब्यावर, सगळीकडे दगड. पूर्वी मी त्यांच्या कॉलेजसाठी प्लास्टरचा ज्वालामुखी करून दिला होता, ती आमची ओळख. आबांना बसायला जागा करण्यासाठी त्यांनी खुर्चीवरचा एक काळा दगड उचलून मांडीवर घेतला, तो आम्ही निघेपर्यंत खाली ठेवला नाही.

त्यांनी आबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राणे, तुम्ही या खोलीत बसला आहात. इथून तुम्हांला ही चाळ दिसते का?"

"नाही."

"तसंच चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला चंद्र दिसत नाही. त्याला पायाखालची जमीन दिसेल, आणि आकाशात दिसेल ती आपली पृथ्वी. पृथ्वी बघायला तुमच्या शास्त्रात मनाई आहे का?"

आबांनी बराच विचार केला. "पृथ्वीवर मुंबई दिसेल?"

"काढलीत तर दिसेल."

"महाराष्ट्रात दिसेल का?"

मास्तर म्हणाले, "एवढ्या लांबून राज्यांच्या सीमा दिसत नाहीत." आबांना हे उत्तर फारसं आवडलं नाही, पण चंद्र मंजूर झाला.

मग मी मास्तरांना माझ्या कामाचा प्रश्न विचारला. चंद्रावरची जमीन करायची कशी? भुसभुशीत की टणक?

"तेच तर कोणाला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "तिकडे वारा नाही, पाऊस नाही. उल्का येऊन आदळतात, खडक फुटतो, आणि चुरा तिथल्या तिथे साचतो. किती साचला असेल? परदेशात एक मत असं आहे की धूळ इतकी खोल असेल की यान आत गडप होईल. दुसरं मत असं, की वर थोडी धूळ आणि खाली घट्ट जमीन. शिवाय ती धूळही आपल्यासारखी नसणार. आपल्या नदीतले वाळूचे कण वाहून वाहून गोल होतात. तिथे घासणारंच कोणी नाही, म्हणजे कण फुटक्या काचेसारखे धारदार राहणार. यंत्रात गेले तर यंत्र खातील, छातीत गेले तर छाती. आणि हवा नसल्यामुळे सावली काळीकुट्ट. त्या सावलीत खड्डा आहे की दगड, काही कळणार नाही."

"मग माणूस उतरणार कसा?"

"जमीन तपासल्याशिवाय उतरवूच नये. आधी काहीतरी टाकून बघावं, टोचून बघावं. माणूस सगळ्यांत शेवटी."

हे मी सगळं वहीत लिहून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे. 'माणूस सगळ्यांत शेवटी' याच्याखाली मी स्वतःच्या हाताने दोनदा रेघ ओढली आहे.

चंद्र मात्र झकास झाला. पाच फूट उंचीचं फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर खडक आणि लहानमोठी विवरं. मागे काळं कापड, त्यावर निळी पृथ्वी, आणि तिच्यावर आबांनी आग्रहाने रंगवून घेतलेला लाल ठिपका, म्हणजे मुंबई. धुळीसाठी मी गिरणीच्या बॉयलरची कोळशाची राख आणली, चाळून घेतली. राख आणायला गोणी हव्या होत्या. आता लालबागेत रिकाम्या गोणी कुठे मिळतात हे सांगायला नको. मसाला कुटून देणाऱ्या दुकानांतून वीस गोणी आणल्या. उलट्या करून झटकल्या. एखाद-दुसरी शिंक आली, पण लालबागेत त्या रस्त्याने जाणारा माणूस बारा महिने शिंकतच असतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्या दिवशी चंद्रावर प्लास्टरचा माणूस होता. मोटरवर तो हात हलवायचा आणि कमरेत वाकायचा. तेव्हा अंतराळवीर हा शब्द निदान आमच्या गल्लीत तरी आला नव्हता, आम्ही त्याला चंद्रवीर म्हणायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रवीर वाकला तो वाकलेलाच राहिला. राख चेनमध्ये, दात्यांमध्ये, मोटरच्या पोटात गेली होती. यंत्र खातील, हे मास्तरांचे शब्द. मोटर जळाल्याचा वास येत असताना मला ते आठवले.

मोटर काढली. ती जिथे बसवली होती तिथे फळ्यांत तीन फुटांचं भोक पडलं. खाली मोटरची लोखंडी चौकट तशीच होती, तिचे खिळे वर करून. भोकावर मी गोणपाट ताणलं, वर राख पसरली. बाहेरून काही कळत नव्हतं. गणपती उठेपर्यंत तिथे कोणी पाय ठेवणार नव्हतं, म्हणून फळ्या मारल्या नाहीत. सुताराला बोलवायचं जिवावर आलं, हे खरं कारण.

आता माणूस हवा होता. प्लास्टरच्या चंद्रवीराचा पोशाख मी भावोजींच्या मापावर केला होता, कारण माप द्यायला तेच समोर बसलेले असायचे. भावोजी म्हणजे सखाराम परब. घोडपदेवला राहायचे, गिरणीत विणकर. पहिली पाळी संपली की अंघोळ करून माझ्या शेडमध्ये गप्पांना यायचे. अंगाने बारीक, बोलायला कमी. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात त्यांच्या पाठीवर लाठी बसली होती, आणि त्यानंतर पोलीस दिसला की ते रस्ता ओलांडायचे.

मी घोडपदेवला गेलो. आक्का भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं आणि तवा उतरवून म्हणाली, "ह्यांका नेतंस तशे धड परत हाड. नायतर माझ्या दारात पाय ठेवू नको."

भावोजी तयार झाले, पण त्यांनाही एक वस्तू हवी होती. "वसंता, माका एक काठी दी. आमच्या गावाक खाडीच्या चिखलात उतरताना हातात काठी असता. पाय खंय ठेवूचो ता काठी सांगता."

"भावोजी, तुम्ही चंद्रवीर आहात. हातात काठी दिली तर लोक म्हणतील म्हशी राखायला निघालाय."

"म्हशी राखणारो संध्याकाळी घराक परत येता रे," भावोजी म्हणाले.

मी हसलो. देखावा बिघडेल म्हणून मी नाही म्हटलं, हे मला सरळच सांगितलं पाहिजे. पण त्यांची सोय आयतीच झाली. आबांनी चंद्रवीराच्या हाती एक झेंडा द्यायचं ठरवलं, त्याला चांगला जाड बांबू होता. भावोजी त्या बांबूने राख टोचत टोचत चालायचे. शिवाय मी त्यांना एक खूण सांगितली होती: व्यासपीठाच्या मधोमध मोठा खडक आहे, त्याची सावली कायम उजव्या हाताला ठेवायची. सावलीच्या पलीकडे जायचं नाही, तिथे भोक आहे.

डोक्यावरचा टोप मी मोठ्या मडक्यावर कागद चिकटवून केला होता. पुढे पारदर्शक खिडकी, मागे चार बोल्ट, श्वासाला चार भोकं. आत गेलेल्या माणसाला बाहेरचं फक्त समोरचं दिसायचं, आणि टोप स्वतःच्या हाताने काढता यायचा नाही. दोन दिवस भावोजींनी चंद्र गाजवला. ते पाय इतके जपून टाकायचे की लोकांना वाटायचं चंद्रावर वजन कमी होतं म्हणून असं चालतोय. भायखळ्यापर्यंत रांग गेली, असं आबा सांगत होते. मी रांग पाहिली होती, ती भायखळ्याला गेली नव्हती, पण लांब होती.

गौरी विसर्जनाच्या दिवशी दोन पाहुणे आले. पहिले दगडमास्तर. त्यांनी चंद्र डोळे भरून पाहिला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम सुरेख आहे. एकच चूक. तुमची पृथ्वी डावीकडून उजळलेली आहे, म्हणजे सूर्य डावीकडे हवा. तुमचा दिवा उजवीकडे आहे."

एका विद्वान माणसाने माझ्या कामात इतकं बारीक लक्ष घातलं, म्हणून मी फुलून गेलो. तिथल्या तिथे दिवा उचलला आणि डावीकडे लावला. सावल्या फिरल्या. मास्तर म्हणाले, "आता शास्त्रशुद्ध झालं." भावोजी तेव्हा मागे टोप चढवून बसले होते. त्यांना सांगायचं राहिलं.

दुसरे पाहुणे हवालदार जाधव. नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये राहायचे, साताऱ्याकडचे, माझ्या शेडमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना नावानिशी ओळखायचे. त्यांनी रांगेत उभं राहून देखावा पाहायचं सोडून झेंडा वाचला. त्यावर आबांनी रात्रीत मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची घोषणा रंगवली होती.

"राणेसाहेब, हे काय हो? राजकारण नको म्हणून सांगितलं हुतं."

"हवालदार, तो चंद्र आहे. चंद्रावर जमावबंदी आहे काय?" आबांनी विचारलं.

"चंद्र माझ्या हद्दीत येत न्हाई," जाधव म्हणाले, "पर मांडव येतो. झेंडा काढा."

"चंद्रावर घोषणा केली तर ऐकणार कोण? तिथे हवा नाही, आवाज जात नाही. विचारा मास्तरांना."

मास्तरांनी मान डोलावली. हवालदारांनीही डोलावली, आणि झेंडा बांबूसकट काढून घेतला. माझ्या मते त्या दिवशी मांडवात सगळ्यांत समजूतदार माणूस तोच होता. झेंडा त्यांनी चौकीत नेला नाही. नीट घडी करून आबांच्या हातात दिला. बांबू मात्र खांबाला टेकवून ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

सहाचा खेळ सुरू झाला. आबा लाउडस्पीकरवर बोलू लागले, "आणि आता, बंधुभगिनींनो, चंद्रवीर चंद्रभूमीवर पदार्पण करीत आहेत!"

भावोजी रिकाम्या हाताने आले. दोन पावलं टाकून थांबले. बांबू नाही, हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी खडकाची सावली शोधली आणि शिकवल्याप्रमाणे ती उजव्या हाताला ठेवून चालू लागले. सावली आता खडकाच्या दुसऱ्या बाजूला पडली होती. म्हणजे ते सरळ भोकाकडे चालले होते.

मला हे कळायला त्यांची चार पावलं लागली. मी ओरडलो, "भावोजी, थांबा!" लाउडस्पीकरच्या गोंगाटात, टोपात काय ऐकू जाणार? पाचव्या पावलाला भावोजी कमरेपर्यंत आत गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

 आबांचा तो आवाज घुमला, "चंद्रवीर आता धुळीच्या पोटात शिरून संशोधन करीत आहेत!" टाळ्या वाढल्या. गोणपाट झोळीसारखं लोंबकळत होतं आणि चारी बाजूंनी राख त्यात ओघळत होती. राखेचा लोट उठला, टोपाच्या भोकांतून आत शिरला, आणि मग मांडवाने चंद्रावरची पहिली शिंक ऐकली. ती वीस गोणींची लवंगी मिरची होती. एक शिंक, दुसरी, पाचवी. प्रत्येक शिंकेला भावोजी बोटभर खाली जात होते. खिडकी बाहेरून राखेने माखली. पोरं हसून लोळत होती. मांडवात गोणपाटाखाली काय आहे ते एकट्या मला माहीत होतं. चौकटीचे खिळे मीच वर ठेवले होते.

मी व्यासपीठावर चढलो. अंगात गंजीफ्रॉक, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. चंद्रावर गेलेला तो दुसरा माणूस. भोकाजवळच्या फळ्या करकरल्या, तसा मी पोटावर झोपलो आणि सरपटत निघालो. हात लांब केला. दीड हात कमी पडला. गोणपाट फाटल्याचा आवाज आला. राखेत नाक गेल्याने मीही शिंकायला लागलो. मला रडू येत होतं, आणि लोकांना वाटत होतं की मीही त्या खेळातलाच आहे.

तेवढ्यात माझ्या शेजारी खाकी कोपर टेकलं. हवालदार जाधव टोपी खाली ठेवून माझ्यासारखेच पालथे पडले होते. त्यांनी लाठी पुढे केली. ती भावोजींच्या टोपावर टकटक वाजली. भावोजींनी हातमोज्याने खिडकी पुसली आणि पाहिलं. समोर लाठी. त्यांचा हात वर आला आणि मधेच थांबला. तो का थांबला हे मला चांगलं समजलं.

"परब, धरा हो!" जाधव ओरडले. "सरकारी हाय, मोडत न्हाई!"

भावोजींनी लाठी धरली. आम्ही दोघांनी ओढलं. कमर वर आली, एक पाय आला. दुसऱ्या पायाखालचं गोणपाट तेव्हाच फाटलं आणि तो पाय खाली चौकटीत गेला. आत काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. टोपातून आवाज आला नाही. मग आली ती शिंकच.

बोल्ट काढून टोप उतरवला तेव्हा भावोजींचे डोळे मिरचीने लाल झाले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हवालदारांकडे, आणि म्हणाले, "ही लाठी माका म्हायत आसा. आधी पाठीक लागली होती, आज हाताक लागली."  जाधवांनीच भावोजींना खांद्यावर घेऊन टांग्यापर्यंत नेलं. जाताना खांबाला टेकवलेल्या बांबूकडे पाहून ते थांबले, मान खाली घातली आणि पुढे गेले.

डावा घोटा मोडला होता. विसर्जनाच्या दोन दिवस आधी बातमी आली की रशियाचं यान थेट चंद्रावर जाऊन आपटलं. आबा पेपर घेऊन हॉस्पिटलात धावले. भावोजी प्लास्टरमधल्या पायाकडे बघत म्हणाले, "तेंका पण आपटूकच लागला."

चवथीचा चंद्र पाहिला की खोटा आळ येतो म्हणतात. माझ्यावर आला तो खरा होता. लोकांनी मास्तरांना दोष दिला, हवालदारांना दिला, आबांनी तर गणपतीच्या शापाला दिला. पण भोकावर फळ्या मी मारल्या नव्हत्या, दिवा मी फिरवला होता आणि काठी मी नाकारली होती. घोटा नीट बसला नाही. पुढच्या मे महिन्यात संयुक्त महाराष्ट्र झाला, सगळं लालबाग रस्त्यावर उतरलं, गुलाल उडाला. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या ते भावोजी काठी टेकत टेकत कडेने चालत होते. त्या दिवशी चंद्रावर एक काठी दिली असती, तर पुढे जन्मभर द्यावी लागली नसती.

आक्काने शब्द पाळला. दारात पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. बोलणं बंद केलं नाही तिने, वाईट वागली नाही. फक्त मला घरात घेतलं नाही. घोडपदेवला गेलो की मी बाहेर गॅलरीत स्टुलावर बसायचो, भावोजी आत दाराशी खाटेवर, आणि मधे उंबरठा. चहा बाहेर यायचा. भाऊबीजेला ती पाटसुद्धा गॅलरीत मांडायची, आणि माझं औक्षण बघायला सगळा मजला जमायचा. दहा वर्षं हे चाललं. नव्या बिऱ्हाडकरूंना ही आमच्या घराण्याची रीत वाटायची.

मीही एक रीत लावून घेतली. माझ्या कुठल्याही व्यासपीठावर दुसऱ्याने पाय ठेवण्याआधी मी बांबू घेऊन वीतभर अंतराने सगळी जमीन टोचायचो. मंडळांची पोरं त्याला वसंतची पूजा म्हणायची. मी वाद घातला नाही.

मग अमेरिकेची माणसं खरंच चंद्रावर उतरली. दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन घोडपदेवला गेलो आणि गॅलरीत बसून मोठ्याने वाचू लागलो. आधी कित्येक वर्षं नुसती यंत्रं पाठवली होती. त्यांनी तिथली जमीन उकरून, दाबून पाहिली होती. यानाच्या पायांना पसरट तळवे लावले होते, रुतू नयेत म्हणून. पहिला माणूस शिडीवर उभा राहून आधी सांगत होता की यानाचे पाय धुळीत किती गेलेत, आणि मगच त्याने स्वतःचा पाय खाली ठेवला. धूळ फक्त वरवर होती. खाली जमीन घट्ट होती. (पुढे काही वर्षांनी मी हेही वाचलं, की ती धूळ कपड्यांना चिकटून यानात आली आणि त्यांच्यातल्या एकाचं नाक चोंदून त्याला शिंका लागल्या. हे लालबागेत आधीच सिद्ध झालं होतं, पण आम्हांला कोणी विचारलं नाही.)

भावोजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. काठी मांडीवर आडवी होती.

"म्हणजे आधी टोचून बघितल्यानी," ते म्हणाले.

"हो, भावोजी."

"कितीक वर्सां?"

"तीन-चार तरी."

भावोजींनी मान हलवली. "बघ. तेंचो मेव्हणो शाणो होतो."

आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. आक्काच्या हातून लाटणं पडलं होतं आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. दहा वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा हसत होती, आणि तिला ते थांबवता येईना. डोळे पुसत दारात येऊन म्हणाली, "भायर काय बसलंस? आत ये. चाय थंड जाता."

मी उठलो, चपला काढल्या, आणि उंबरठ्यावरून पाय उचलला. तेवढ्यात भावोजींनी हात आडवा केला.

"थांब रे," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची काठी माझ्या हातात दिली. "आधी टोचून बघ."

मी काठी उंबरठ्याच्या आत टेकवली. जमीन घट्ट होती.